गाळा, गल्ला आणि खुला कोड

वसई पूर्वेला गोलाणी नाक्यावरून वालीवकडे वळलं, की दोन्ही बाजूंना इंडस्ट्रियल इस्टेटी लागतात. एमआयडीसीच्या नव्हेत, खासगी विकासकांनी बांधलेल्या. एकाला एक चिकटलेले गाळे. कुठे औषध कंपन्यांना लागणारी यंत्रं बनतात, कुठे प्लास्टिकचे साचे, कुठे इलेक्ट्रिक पॅनेल, कुठे पॅकिंगचे खोके. पोटमाळ्यावर एक केबिन असते, तिथे संगणक असतो आणि त्यावर हिशेबाचं एखादं नेहमीचं सॉफ्टवेअर. धंदा वाढतो. माल एकीकडे प्लेटिंगला, दुसरीकडे हीट ट्रीटमेंटला जायला लागतो. कुठल्या चलनावर किती नग गेले आणि किती परत आले, याचा ताळा एक्सेलमध्ये बसेनासा होतो. मग मालक ईआरपीची, म्हणजे साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, चौकशी सुरू करतो. दर माणशी लायसन्सचे आकडे ऐकून तो गार पडतो, आणि अशा वेळी कोणीतरी सांगतं, ईआरपीनेक्स्ट बघा, ओपन सोर्स आहे. मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे फुकट ना?"

कोड फुकट आहे. तो तुमच्या गाळ्यात चालता करून देणं फुकट नाही. हे उत्तर पटायला मालकाला वेळ लागतो, आणि ते देणाऱ्याला त्यावर घर चालवायला त्याहून जास्त. सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांना उघडा असावा, तो वाचायची, बदलायची आणि पुढे द्यायची मुभा असावी, हा एक विचार. तो लिहिणाऱ्यांचे पगार महिन्याच्या महिन्याला व्हावेत, ही दुसरी गरज. दोन्ही एका छपराखाली नांदतात का, याचे प्रयोग चाळीस वर्षं चालू आहेत. काही अमेरिकेत झाले, काही पुण्या-मुंबईत, आणि त्यांचे बरे-वाईट परिणाम वालीव-सातिवलीच्या गाळ्यांपर्यंत येऊन पोचले. ते पाहून माझं मत असं झालं आहे, की जिथे मेहनत आणि जबाबदारी विकली जाते तिथे संसार टिकतो. कोडवर पुढेमागे आपलाच एकट्याचा ताबा राहील या आशेवर जिथे मोठं भांडवल आधीच उचललेलं असतं, तिथे बहुधा काडीमोड होतो.

खुल्या कोडच्या या चळवळीचे आद्य पुरुष रिचर्ड स्टॉलमन यांचं पैशाशी वाकडं होतं, असा एक लाडका समज आहे. त्यांनी १९८३ मध्ये ग्नू हा खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि त्यानंतर दोनेक वर्षांत ते स्वतःचा ईमॅक्स हा एडिटर टेपवर भरून १५० डॉलरना विकत होते. ज्याला नेटवरून उतरवून घेता येईल त्याने तसा घ्यावा, ज्याला टेप हवी त्याने पैसे मोजावेत, असा रोखठोक व्यवहार. १९८९ मध्ये आलेल्या जीपीएल या परवान्यातही विक्रीला बंदी नाही. अट एवढीच, की ज्याला प्रोग्राम द्याल त्याला मूळ कोडही द्या, आणि तुम्हाला मिळालेले हक्क त्यालाही द्या. त्याच वर्षी सिग्नस नावाची कंपनी निघाली. ती ग्नूची साधनं ग्राहकांच्या यंत्रांवर चालवून देण्याचे पैसे घेई. दहा वर्षांनी रेड हॅटने ती आपल्यात घेतली.

रेड हॅटची गोष्ट हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा पुरावा मानला जातो. लिनक्स ही कार्यप्रणाली कोणालाही फुकट मिळत असताना रेड हॅटने त्याची तपासलेली, दहा-दहा वर्षं सांभाळलेली आवृत्ती वर्गणीवर विकली. २०१२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिचा महसूल एक अब्ज डॉलरच्या वर गेला. निव्वळ ओपन सोर्सवर उभ्या असलेल्या कंपन्यांत हा टप्पा गाठणारी ती पहिलीच. आयबीएमने २०१९ मध्ये ती ३४ अब्ज डॉलरना घेतली. बँका आणि शेअर बाजार लिनक्स सांभाळायला पैसे देतात, कारण रात्री दोन वाजता काही बिघडलं तर फोन उचलणारा माणूस त्यांना हवा असतो.

पण याच कथेची पुढची पानं इतकी गोड नाहीत. रेड हॅटच्या लिनक्सची हुबेहूब फुकट आवृत्ती असलेलं सेंटओएस लिनक्स बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली. जून २०२३ पासून मुख्य आवृत्तीचा नेमका कोड ग्राहकांपुरता ठेवला गेला, बाहेरच्यांना सेंटओएस स्ट्रीम ही घडणीतली आवृत्ती. जीपीएल मोडला का? कंपनीचं म्हणणं, नाही. परवाना फक्त ज्याला प्रोग्राम दिला त्यालाच कोड द्यायला सांगतो. अक्षरशः ते खरंच आहे. तरीही अशीच फुकट आवृत्ती बनवणाऱ्या रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्सच्या मंडळींना वाईट वाटलं ते समजण्यासारखं आहे. कायद्यात बसणारी गोष्ट आणि शेजारधर्मात बसणारी गोष्ट नेहमी एकच नसते.

परवान्यांचं थोडं सांगायला हवं, कारण वसई-विरारमध्ये सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या लहान मंडळींत याबाबत दोन टोकांचे गैरसमज दिसतात. एक, ओपन सोर्स आहे म्हणजे काहीही केलेलं चालतं. दोन, जीपीएलला हात लावला की आपण लिहिलेली प्रत्येक ओळ जगापुढे मांडावी लागते. दोन्ही चूक. एमआयटी हा परवाना सगळ्यात सैल : श्रेय ठेवा, बाकी बंद दुकानातही वापरा. जीपीएल घट्ट, पण त्याची अट प्रत हाती दिल्यावरच लागू होते. सातिवलीच्या एका ग्राहकासाठी बदल केले तर बदललेला कोड त्या ग्राहकाला द्यायचा, इंटरनेटवर टांगायची सक्ती नाही. मात्र त्या ग्राहकाने तो उद्या शेजारच्या गाळ्याला दिला तर अडवायचा हक्कही नाही. आणि प्रोग्राम स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून लोकांना नुसता वापरायला दिला, तर जीपीएलप्रमाणे कोड कोणालाच द्यावा लागत नाही. ही फट बुजवायला २००७ मध्ये ग्नूचा एजीपीएल आला. त्यात वापरणाऱ्यालाही कोड मागता येतो.

आता आपल्याकडचं उदाहरण. ईआरपीनेक्स्ट बनवणारी फ्रॅपे ही कंपनी मुंबईची. तिचे संस्थापक ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा कारखाना होता. त्या कारखान्यासाठी ईआरपी बसवण्याची खटपट करता करता ते स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला लागले. म्हणजे या सॉफ्टवेअरचा जन्म वालीवच्या गाळ्यासारख्याच जागी, लाकडाच्या भुशात झाला. २००८ मध्ये कंपनी निघाली, पुढच्या दोन-तीन वर्षांत कोड खुला झाला. खालचा पाया, म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, एमआयटीखाली आणि वरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली, अशी वाटणी आहे. ही वाटणी हुशारीची आहे. नुसत्या पायावर कोणी आपलं वेगळं, बंद सॉफ्टवेअर उभं करू शकतो. ईआरपीनेक्स्टमध्येच फेरफार करून ते पुढे देणाऱ्याला मात्र कोड उघडा ठेवावा लागतो.

फ्रॅपेने एक गोष्ट केली नाही, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिने साधी आवृत्ती फुकट आणि कामाची आवृत्ती पैशाला अशी विभागणी केली नाही. बेल्जियमच्या ओडूने २०१५ मध्ये तेच केलं. कम्युनिटी आवृत्ती खुली ठेवली आणि पूर्ण अकाउंटिंगसारख्या गोष्टी एंटरप्रायझ आवृत्तीत नेल्या, जिचे पैसे माणशी मोजावे लागतात. ओडूला यात यश मिळालं. गांधीनगरला त्यांचं मोठं कार्यालय आहे आणि आपल्या पट्ट्यातही त्यांचे विक्रेते फिरतात. हा मार्ग अप्रामाणिक म्हणता येणार नाही. पण यात कंपनीच्या मनात कायम एक ओढाताण राहते : फुकट आवृत्ती फार चांगली झाली तर पैशाची कोण घेईल? मग वापरणाऱ्यांपैकी कोणी फुकट आवृत्तीसाठी एखादी उत्तम सोय लिहिली, तर ती मालकाच्या डोळ्यात खुपते. ईआरपीनेक्स्टमध्ये सगळं एकाच जागी, सगळं खुलं. पैसे येतात ते मुख्यतः फ्रॅपे क्लाउडवरून, म्हणजे सर्व्हर आम्ही सांभाळतो, तुम्ही भाडं द्या. भाडं माणशी नाही, सर्व्हरवर किती भार पडतो त्यानुसार. गाळ्यात बारा जणांनी लॉगिन करायचं असेल, अगदी स्टोअरकीपरपासून गेटवरच्या माणसापर्यंत, तर हा फरक मोठा असतो. आणि गंमत अशी, की हे भाड्याचं दुकान ज्या प्रोग्रामवर चालतं तोही त्यांनी एजीपीएलखाली उघडा केला आहे. उद्या वसईतल्या कोणाला फ्रॅपे क्लाउडशी स्पर्धा करायची असेल, तर फ्रॅपेच्याच कोडवर करता येईल.

मग स्पर्धकांनी त्यांना गिळलं का नाही? कोड नेता येतो, नाव नेता येत नाही. 'ईआरपीनेक्स्ट' ही नोंदलेली नाममुद्रा आहे. कोडची नक्कल करता येते. तो रोज दुरुस्त करणाऱ्या, त्यातल्या खाचखळग्यांच्या जागा ओळखणाऱ्या माणसांची नक्कल करता येत नाही. आणि तिसरी गोष्ट, कंपनीने फार घाई केली नाही. बरीच वर्षं बाहेरचं मोठं भांडवल न घेता ती ग्राहकांच्या पैशावर चालली. २०२० मध्ये झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेने गुंतवणूक केली, पण झिरोधा स्वतःच हे सॉफ्टवेअर वापरते. पाच वर्षांत दसपट करून द्या, असा तगादा लावणारा सावकार तिच्या दारात बसलेला नव्हता.

इथून पुन्हा वसईत येऊ. फ्रॅपे बसवणुकीचं बरंचसं काम स्वतः न करता बाहेरच्या भागीदारांवर सोडते. हे काम करणारे वसई-विरारमध्ये अनेकदा दोघं-तिघं असतात. दिवसा अंधेरी-मालाडच्या कंपनीत नोकरी, किंवा २०२० नंतर घरूनच काम, आणि जोडीला हा उद्योग. त्यांच्या कोटेशनमध्ये नेमकं काय असतं? समजा पंचवीस माणसांचा एक इंजिनिअरिंगचा गाळा आहे. पहिलं काम आयटम मास्टर साफ करणं. एकच बोल्ट जुन्या यादीत 'एम८ बोल्ट', 'बोल्ट एम-८', '८ चा बोल्ट' आणि 'बोल्ट ८ एमएम एसएस' अशा चार नावांनी पडलेला असतो. चारही नावांखाली वेगवेगळा साठा दिसतो आणि एकाही नावाखालचा खरा नसतो. स्टोअरकीपरशेजारी बसून हे निस्तरायला दिवसचे दिवस जातात. मग सुरुवातीचा साठा मोजणं. मग कुठल्या तयार मालाला किती कच्चा माल लागतो त्याची मांडणी. मग जॉबवर्क : बाहेर गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे हा जीएसटीचा नियम, त्याचं आयटीसी-०४ विवरण. मग मालकाच्या हाती पडणारं चलन जुन्या छापील चलनासारखंच दिसलं पाहिजे, लोगो डाव्या कोपऱ्यातच हवा. मग दोन महिने जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवणं. शेवटी वर्षाचा देखभाल करार.

या यादीत सगळ्यात वर 'सॉफ्टवेअरची किंमत : शून्य' अशी ओळ लिहिणारे आहेत. ती ओळ खरी आहे, पण विक्रीच्या दृष्टीने घातक. वरती शून्य पाहिलं की ग्राहक खालच्या प्रत्येक ओळीवर घासाघीस करतो. म्हणून काही जण उलटी वाट धरतात. ईआरपीनेक्स्टच्या कपाळावर स्वतःचं नाव चिकटवतात, 'आमचं ईआरपी' म्हणून लायसन्सचे पैसे लावतात आणि मूळ कोड, मूळ लेखकांची नावं यांबद्दल अळीमिळी गुपचिळी. पैसे घेणं जीपीएलला मान्य आहे, लपवणं नाही. ग्राहकाला हे पाच वर्षांनी कळतं, विक्रेत्याने फोन उचलणं बंद केल्यावर. आपल्या गाळ्यात चाललेलं सॉफ्टवेअर मुळात खुलं आहे आणि दुसऱ्या कोणाकडूनही ते सांभाळून घेता येईल, ही त्याच्या हक्काची गोष्ट त्याच्यापासून दडवलेली असते. आदर्शवाद बाजूला ठेवला तरी ही ग्राहकाची फसवणूक आहे.

मधली एक वाट मला बरी वाटते, आणि ती आपल्याच देशात चालू आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यावसायिकांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. ईआरपीनेक्स्टमध्ये हे करणारं 'इंडिया कंप्लायन्स' नावाचं अॅप आहे. त्याचा कोड पूर्ण खुला आहे. पण त्यातून सरकारी यंत्रणेला बिल पाठवताना मधल्या सेवेचे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. म्हणजे नियम बदलला की कोड बदलण्याची मेहनत ज्या पैशातून निघते, तो पैसा प्रत्येक बिलामागे थोडा थोडा येतो. जीएसटीचे नियम ज्या वेगाने बदलतात तो पाहता हे दुकान ओस पडण्याची भीती नाही.

कायद्यातली आणखी एक तरतूद या वादात फारशी कोणी आणत नाही, पण ती गाळ्याच्या दारात उभी आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात प्रत्येक नोंदीतल्या फेरबदलाची खूण राहते आणि ती यंत्रणा बंद करता येत नाही. भागीदारी संस्थांना हे लागू नाही, पण वसईतल्या कित्येक उद्योगांनी एव्हाना प्रायव्हेट लिमिटेडची पाटी लावली आहे. आता कोडच खुला असेल, तर 'बंद करता येत नाही' याचा अर्थ काय? ज्याला कोड बदलता येतो त्याला ही खूण ठेवणारा भागही काढता येतो. मालकाचा सीए हा प्रश्न विचारतो आणि तो बरोबर विचारतो. उत्तर असं, की बंद सॉफ्टवेअरमध्येही सर्व्हर हाती असलेल्याला डेटाबेसमध्ये मागच्या दाराने शिरता येतं. फक्त तिथे ते दिसत नाही. खुल्या कोडमध्ये मूळ आवृत्ती आणि गाळ्यात चाललेली आवृत्ती शेजारी ठेवून फरक दाखवता येतो. पण हे दाखवून देणारा, त्यावर सही करणारा जबाबदार माणूस लागतो. त्या सहीचे पैसे घेता येतात. खुल्या सॉफ्टवेअरच्या धंद्याचा गाभा मला या एका उदाहरणात दिसतो.

ईआरपी बाजूला ठेवलं तर या पट्ट्यात खुल्या सॉफ्टवेअरवर सगळ्यात जास्त लोक जगतात ते वर्डप्रेसवर. नालासोपारा-विरारच्या वन बीएचकेत बसून दवाखान्यांच्या, क्लासेसच्या, रिसॉर्टच्या वेबसाइट बनवणारी मुलं-मुली. वर्डप्रेस जीपीएलखाली आहे, त्यामुळे त्यावरची बहुतेक महागडी प्लगिन्सही जीपीएलखाली येतात. याचा फायदा घेऊन हजारो रुपयांची प्लगिन्स दोन-तीनशे रुपयांत विकणारी दुकानं इंटरनेटवर निघाली आहेत. परवान्याच्या दृष्टीने हा व्यवहार बहुतांशी कायदेशीर आहे. आयत्या बिळावर नागोबा, पण कायदेशीर नागोबा. मूळ कंपनी त्या प्रतीला अपडेट देत नाही, मदत देत नाही. सहा महिन्यांनी सुरक्षेतलं एखादं भोक उघडं पडलं की विरारच्या डॉक्टरांच्या वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती झळकायला लागतात. वाचवलेल्या पैशाची किंमत तेव्हा समजते, आणि मूळ कंपनी नेमकं काय विकत होती तेही.

याच वर्डप्रेसच्या जगात सप्टेंबर २०२४ मध्ये मोठा तमाशा झाला. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर हल्ला चढवला : ही कंपनी वर्डप्रेसवर अफाट कमावते, परत काही देत नाही, नाममुद्रेपोटी महसुलाचे ८ टक्के द्यावेत. पाठोपाठ त्या कंपनीला वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडारातून तोडण्यात आलं आणि तिच्या ग्राहकांना प्लगिन्स अद्ययावत करता येईनात. प्रकरण कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेलं, डिसेंबरमध्ये न्यायालयाने मार्ग पूर्ववत करायला लावला. मलनवेग यांची तक्रार मला रास्त वाटते आणि त्यांची कृती अक्षम्य. परत द्या म्हणण्याचा हक्क आहे. पण नळ एकाच माणसाच्या हातात असेल तर कोड खुला असून उपयोग काय, हा धडा त्याने सगळ्यांना फुकटात दिला.

मोठ्या कंपन्यांनी खुले परवानेच बदलून बंदिस्त करण्याची लाट मात्र त्याआधीची. मोंगोडीबी २०१८, इलॅस्टिक २०२१, हॅशिकॉर्प २०२३, रेडिस २०२४. सगळ्यांची तक्रार जवळपास सारखी : आम्ही कोड लिहिला, अॅमेझॉनसारख्या कंपन्यांनी तो उचलून सेवा म्हणून विकला. तक्रारीत तथ्य आहे. पण परवाना बदलल्यावर काय झालं ते पाहा. इलॅस्टिकमधून ओपनसर्च फुटून निघालं, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून वाल्की. ज्यांना रोखायचं होतं ते स्वतःची चूल मांडून मोकळे झाले. दुखावला गेला तो वर्षानुवर्षं फुकटात दुरुस्त्या पाठवणारा माणूस. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन अर्धी माघार घेतली. या चारही कंपन्यांमागे व्हेंचर भांडवल होतं. लहान कंपन्यांनी, ज्यांच्यावर तो तगादा नाही, त्यांचं अनुकरण करू नये असं मला वाटतं.

याच्या दुसऱ्या टोकाला पोस्टग्रेस हा डेटाबेस उभा आहे. त्याचा मालक कोणीच नाही. अनेक कंपन्या त्यावर कमावतात आणि आपले इंजिनिअर त्यावर कामाला लावतात. एंटरप्रायझडीबी त्यातली एक. पुण्यात तिचं मोठं कार्यालय आहे. २००८ च्या आठ-तीन आवृत्तीत डेटाबेसचा वेग वाढवणारी एक महत्त्वाची सुधारणा आली, ती तेव्हा एंटरप्रायझडीबीत असलेल्या पवन देवलसी यांच्या हातची. पगार एका कंपनीने दिला, उपयोग तिच्या स्पर्धकांनीही केला, आणि तरीही कंपनी बुडाली नाही. ज्यांना आदर्श आणि धंदा यांचा मेळ अशक्य वाटतो त्यांनी हे उदाहरण तपासावं.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रोज असलेलं उदाहरण तर आणखी वेगळं आहे : अक्षरं. एकेकाळी मराठीत छपाई करायची तर कुलूपबंद फाँट विकत घ्यावे लागत आणि एका सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसऱ्यात नेला की अक्षरांची रांगोळी होई. आज मोबाइलवर, वेबसाइटवर, लग्नपत्रिकेवर मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेची 'मुक्त' आणि 'बालू' ही अक्षरं दिसतात. ती खुल्या परवान्यात आहेत, गूगल फाँट्सवरून कोणीही उतरवून घ्यावीत. अक्षरकारांना मोबदला मिळतो तो फाँटच्या प्रती विकून नव्हे. असं काम करवून घेणाऱ्या मोठ्या संस्थांकडून आणि कंपन्यांसाठी स्वतंत्र अक्षरं घडवून. निर्मितीचा खर्च एकदाच एखाद्या मोठ्या संस्थेने उचलला आणि वापर सगळ्यांना मोकळा झाला. हे प्रारूप ईआरपीला चालणार नाही, कारण 'क' हे अक्षर दर अर्थसंकल्पात बदलत नाही.

सगळ्यात दुबळा दुवा राहतो तो मुळाशी. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं छिद्र सापडलं, तेव्हा जगातल्या बँका नेटवरच्या सुरक्षित व्यवहारांसाठी ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होत्या त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात कोणी घुसखोरी केली, तीही ते एकहाती सांभाळणारा माणूस थकला होता म्हणून. झिरोधाने त्याच वर्षी अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देण्याची योजना जाहीर केली. फॉस युनायटेड ही २०२० पासून काम करणारी संस्था भारतातल्या प्रकल्पांना हात देते. बरं आहे, पण हे दानावर चालणारं झालं. व्यवहाराचा भाग म्हणून पैसा मुळापर्यंत पोचला पाहिजे.

वसईला हे समजावायला फार कष्ट पडू नयेत. १९१८ साली स्थापन झालेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक इथल्या पापडीची. सभासदांची, सभासदांसाठी आणि तरीही व्याज घेणारी, नफा दाखवणारी. व्याज घेतल्याने सहकार बाटतो असं वसईतल्या कोणा सभासदाला वाटत नाही; कर्ज बुडवणारा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे घेणाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो आणि घेऊन परत न देणाऱ्याला काहीच म्हणत नाही.

परत देणं म्हणजे मोठी रक्कमच हवी असं नाही. मुंबई विद्यापीठाने २०१६-१७ पासून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला 'फ्री अँड ओपन सोर्स सॉफ्टवेअर' हा स्वतंत्र विषय लावला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने खुली सॉफ्टवेअर्स शिकवणारे धडे मराठीतही केले. वसई-विरारच्या महाविद्यालयांतून हा विषय शिकून बाहेर पडलेली मुलंच आज गाळ्यांत ईआरपी बसवतात. त्यांना परवान्यांची नावं ठाऊक आहेत. गाळ्यासाठी केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची सवय मात्र थोड्यांनाच आहे, कारण त्या दोन तासांचे पैसे कोणत्याच कोटेशनमध्ये धरलेले नसतात.

तेव्हा बसवून देणाऱ्यांनी ते दोन तास कोटेशनमध्ये उघडपणे लिहावेत. 'सॉफ्टवेअरची किंमत : शून्य' ही ओळ खोडून 'मूळ प्रकल्पाला परतफेड' अशी ओळ घालावी, आणि आपलं नाव दुसऱ्याच्या कोडवर चिकटवू नये. गाळामालकांनी पुढचा देखभाल करार करताना तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : मूळ सॉफ्टवेअरचं नाव आणि परवाना, आपल्यासाठी केलेल्या बदलांचा कोड, आणि डेटाबेसची स्वतःच्या ताब्यातली प्रत. हे द्यायला जो विक्रेता खळखळ करील त्याच्याकडून ओपन सोर्स घेऊ नये. जो न मागता देईल, त्याच्या दरावर घासाघीस करू नये.